विनाकर्मचारी इंधन केंद्र : स्वयंसेवा भरण्याच्या स्वयंचलनाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

कामाची व्याप्ती आज लेखी निश्चित झाली. चालू असलेल्या एका इंधन केंद्रावरचे पेट्रोल आणि डिझेलचे डिस्पेन्सर, म्हणजे इंधन मोजून देणारे पंप, असे बदलायचे आहेत, की ग्राहकाने स्वतः पैसे भरावेत, स्वतः नोझल उचलून इंधन भरावे आणि पावती घेऊन निघावे. दिवसा आवारात एक मदतनीस असेल; रात्री तेथे कोणीही नसेल.

यंत्रे निवडण्यापूर्वी आम्ही आवारात उभे राहून कर्मचाऱ्याचे काम नुसते पाहिले. वरवर पाहता तो नोझल लावतो आणि पैसे घेतो, एवढेच दिसते. प्रत्यक्षात इंजिन बंद झाले आहे का, कोणी सिगारेट पेटवली आहे का, गाडी पेट्रोलची आहे की डिझेलची, डबा घेऊन आलेल्याचा डबा इंधनाला योग्य आहे का, मीटर शून्यावर आला का, टाकीच्या तोंडाशी फेस आला का, आणि निघालेल्या गाडीत नोझल अडकून तर राहिले नाही ना, हे सारे तो न बोलता ठरवत असतो. यातला प्रत्येक निर्णय यापुढे कोणी घ्यायचा, यंत्राने, ग्राहकाने की दूर बसून देखरेख करणाऱ्या माणसाने, हे ठरवणे म्हणजेच हा प्रकल्प. पैसे घेणारे यंत्र बसवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

स्वयंसेवेची कल्पना जुनी आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९४७ साली स्वयंसेवा केंद्र उघडले होते, आणि १९६४ साली कोलोरॅडो राज्यात दुकानाच्या काउंटरवरूनच पंप सुरू करून देणारी पेटी वापरात आली. मात्र त्या पेटीमागे माणूस होताच. तो माणूसही नसेल तेव्हा काय, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

पहिल्याच बैठकीत एक सूत्र सर्वांनी मान्य केले आणि ते आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिले: इंधन वाहू लागण्यासाठी प्रत्येक यंत्रणेची संमती लागावी, ते थांबवण्यासाठी कोणा एकीची पुरावी.

९ जून

आजचा दिवस धोक्याच्या क्षेत्रांच्या नकाशात गेला. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याचे बाष्प ठिणगीने पेटू शकते ते तापमान, सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे माणूस जेथे जेथे गाडी चालवतो, तेथील बहुतेक सर्व हवामानांत त्याचे बाष्प पेट घेण्याच्या स्थितीतच असते. हवेत हे बाष्प साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल, तर एक क्षीण ठिणगीही पुरते. शिवाय ते हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत सरकते आणि चर, केबलचे खड्डे, गटारे अशा सखल जागी साठते. डिझेलचा फ्लॅश पॉइंट ५० अंशांच्या वर असल्याने त्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे, पण दोन्ही इंधने एकाच डिस्पेन्सरमध्ये असल्यामुळे सगळा हिशेब पेट्रोलच्याच नियमाने करावा लागतो.

स्फोटक बाष्पाच्या जागी वीज कशी वापरावी हे सांगणाऱ्या आयईसी ६००७९ या मानकमालिकेत क्षेत्राचा आकडा जितका लहान, तितके तेथे बाष्प असण्याची शक्यता अधिक. त्याप्रमाणे भूमिगत टाकीचा आतला भाग क्षेत्र ० मध्ये, डिस्पेन्सरचा खालचा, नळ्या आणि मीटर असलेला भाग क्षेत्र १ मध्ये, आणि त्याभोवतीची जागा क्षेत्र २ मध्ये धरली. यामुळे पैसे भरण्याचे यंत्र कोठे बसवायचे हा वरकरणी साधा प्रश्न अवघड झाला. डिस्पेन्सरच्याच डोक्यावर बसवले, तर ग्राहकाला सोपे पडते, पण प्रत्येक जोडणी बाष्परोधक करावी लागते आणि जुन्या डिस्पेन्सरचे मूळ प्रमाणपत्र त्या बदलाने बाद ठरू शकते. वेगळा खांब क्षेत्राबाहेर उभा केला, तर विद्युत काम सुरक्षित आणि सोपे होते, पण ग्राहकाला पंपाचा क्रमांक निवडावा लागतो आणि तो चुकीचा निवडला, तर त्याच्या पैशाने दुसराच माणूस इंधन भरून जातो.

आम्ही खांब निवडला. चुकीच्या क्रमांकावर उपाय म्हणून निवडलेल्या डिस्पेन्सरचा दिवा लुकलुकेल, खांबावरचा पडदा ग्राहकाला तो दिवा पाहून खात्री करायला सांगेल, आणि ६० सेकंदांत नोझल उचलले गेले नाही, तर परवानगी आपोआप रद्द होईल.

१३ जून

केबलचे चर खणून झाले. डिस्पेन्सरकडे जाणाऱ्या प्रत्येक केबलनळीचे तोंड बाष्परोधक लुकणाने बंद केल्याची पाहणी केली. हे काम मातीखाली जाते आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणूनच प्रत्येक जोडाचे छायाचित्र नोंदीला जोडले आहे.

१८ जून

कंट्रोलर, म्हणजे सर्व पंपांना परवानगी देणारा केंद्रावरचा संगणक, आणि डिस्पेन्सर यांचे संभाषण सुरू झाले. आयएफएसएफ या आंतरराष्ट्रीय मंडळाने त्यासाठी सामाईक मानक घडवले आहे, परंतु आपले डिस्पेन्सर जुने असल्याने त्यांना उत्पादकाचीच दोन तारांवरची भाषा कळते. मध्ये रूपांतरक बसवावा लागला. त्यापलीकडे तर्क सर्वत्र एकच आहे: डिस्पेन्सर निष्क्रिय असतो, नोझल उचलले की तो मागणी नोंदवतो, कंट्रोलरने परवानगी दिली की आकडे शून्यावर येतात, मग मोटर सुरू होते आणि झडप उघडते, आणि नोझल जागेवर ठेवले की व्यवहार बंद होऊन अंतिम आकडे कंट्रोलरकडे जातात.

खरी चर्चा झाली ती भरणा चालू असताना हे संभाषणच तुटले तर काय, या मुद्द्यावर. विक्री विभागाचे म्हणणे असे, की परवानगी एकदा मिळालेली आहे, तर डिस्पेन्सरने भरणा पूर्ण करावा. अर्ध्यावर थांबलेला ग्राहक रागावतो आणि परत येत नाही. त्यांची काळजी रास्त आहे. पण कंट्रोलरशी संपर्क तुटलेला डिस्पेन्सर म्हणजे दूरवरून थांबवता न येणारा डिस्पेन्सर, आणि रात्रीच्या निर्मनुष्य आवारात असा डिस्पेन्सर चालू ठेवणे मला मान्य नाही. शेवटी असे ठरले, की काही सेकंद उत्तर आले नाही, तर डिस्पेन्सर स्वतःहून झडप मिटवील, भरलेले लिटर आणि रक्कम पडद्यावर दाखवत ठेवील आणि संपर्क परत आल्यावर आपल्या एकूण मापकाचा आकडा कंट्रोलरला देईल. तो आकडा व्यवहारापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहिला, की किती इंधन गेले याबद्दल वाद उरत नाही.

बँकेशी असलेला संपर्क तुटणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेव्हा सुरू असलेला भरणा निश्चिंतपणे पूर्ण होऊ द्यावा, कारण रक्कम आधीच राखून ठेवलेली असते. फक्त नवा व्यवहार सुरू होऊ नये. या दोन तुटलेल्या संपर्कांना आज्ञावलीत एकच नाव दिले गेले होते. ते आजच वेगळे करून घेतले.

२५ जून

पैशांच्या बाजूची चाचणी झाली. ग्राहक कार्ड लावतो तेव्हा किती इंधन लागणार हे त्यालाही नक्की ठाऊक नसते, म्हणून आधी कमाल रकमेची पूर्वमंजुरी घेतली जाते आणि भरणा संपल्यावर प्रत्यक्ष रकमेचाच संदेश बँकेला जातो. अडचण राखून ठेवलेल्या उरलेल्या रकमेची आहे. आपण अंतिम संदेश तत्काळ पाठवला, तरी ती रक्कम ग्राहकाच्या खात्यात मोकळी व्हायला लागणारा वेळ त्याच्या बँकेवर अवलंबून असतो, आणि ज्याच्या खात्यात मोजकेच पैसे आहेत त्याला तो वेळ जाचतो. म्हणून पूर्वमंजुरीचा आकडा ग्राहकालाच निवडू द्यावा आणि त्याचा अर्थ कार्ड लावण्यापूर्वी पडद्यावर स्पष्ट वाक्यात सांगावा, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

एकही थेंब न भरता नोझल परत ठेवले, तर मंजुरी त्याच क्षणी रद्द करण्याचा संदेश जातो. वीज गेल्यास तो व्यवहार न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत राहतो आणि वीज आल्यावर सर्वांत आधी तोच पूर्ण केला जातो. त्याआधी कोणताही पंप नवा ग्राहक घेत नाही.

२ जुलै

नोझलची निवड. या एका वस्तूवर आम्ही सर्वाधिक वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता, कारण संपूर्ण व्यवस्थेत अननुभवी हातात येणारा भाग हाच आहे.

आपोआप बंद होणाऱ्या नोझलमध्ये वीज नसते, संवेदक नसतो. टोकाजवळ एक बारीक छिद्र असते आणि तेथून एक सूक्ष्म नळी आतपर्यंत जाते. इंधन आतल्या अरुंद भागातून वेगाने जाताना जी ओढ निर्माण होते, ती त्या छिद्रातून हवा खेचत राहते. टाकी भरून इंधन छिद्रापर्यंत आले, की हवा मिळेनाशी होते, ओढ आतल्या एका लवचीक पडद्यावर (डायफ्रॅमवर) पडते, तो हलतो आणि झडपेची खीळ सुटते. ही रचना इतकी विश्वासार्ह आहे, की तिच्याऐवजी काही इलेक्ट्रॉनिक बसवण्याचा विचार आम्ही मनात आणला नाही. मात्र ती फार हळू प्रवाहात नीट चालत नाही, कारण पुरेशी ओढच तयार होत नाही. आणि नोझल पूर्ण आत न घालता टोकावर धरले, तर ती उशिरा जाणवते. ग्राहकाला द्यायच्या सूचनेत 'नोझल पूर्ण आत घाला' हे वाक्य त्यामुळे पहिले आले.

दुसरा प्रश्न ट्रिगर अडकवून ठेवणाऱ्या खिटीचा. खिटी असली, की ग्राहकाला हात मोकळा मिळतो, आणि मोकळ्या हाताचा माणूस गाडीत जाऊन बसतो. आसनावरून सरकत उतरताना कपडे आणि आसनाच्या घर्षणाने त्याच्या अंगावर स्थिर विद्युतभार साठतो, आणि बाहेर येऊन तो थेट नोझलला हात लावतो, तेथे नेमके टाकीच्या तोंडातून बाष्प बाहेर पडत असते. पेट्रोलच्या बाष्पाला पेट घ्यायला एका मिलिज्यूलच्याही अंशाएवढी ऊर्जा पुरते, तर माणसाच्या अंगावरून उडणाऱ्या ठिणगीत त्याहून कितीतरी अधिक असू शकते. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने गोळा केलेल्या अशा आगींच्या हकिगतींत भरणा चालू असताना गाडीत परत जाऊन बसण्याचा उल्लेख वारंवार येतो.

खिटीचा आणखी एक धोका कमी बोलला जातो. खिटी अडकलेल्या स्थितीतच पंप बंद पडला आणि नोझल तसेच जागेवर टांगले गेले, तर पुढच्या ग्राहकाला परवानगी मिळताच उघड्या नोझलमधून इंधन जमिनीवर येते. नळीतला दाब गेला की खिटी स्वतःहून सुटते असे नोझल मिळते, आणि दिवसाच्या वापरासाठी तसेच घेतले. रात्री वापरायच्या नोझलवरच्या खिट्या काढून टाकायच्या, असा माझा निर्णय आहे. हात दुखल्याची तक्रार येईल; ती ऐकून घेऊ. ट्रिगर धरून उभा असलेला माणूस हीच रात्रीच्या आवारातली एकमेव देखरेख आहे, आणि त्याने हात सोडला की इंधन थांबलेच पाहिजे.

७ जुलै

चुकीचे इंधन. पेट्रोलच्या नोझलचे टोक सुमारे २१ मिलिमीटर आणि डिझेलचे सुमारे २४ मिलिमीटर जाडीचे असते. त्यामुळे डिझेलचे नोझल बहुतेक पेट्रोल गाड्यांत शिरतच नाही, पण पेट्रोलचे नोझल डिझेलच्या गाडीत सहज बसते. म्हणजे लोखंडाने अर्धीच चूक अडवली आहे आणि महागात पडणारी अर्धी मोकळी सोडली आहे. युरोपच्या ईएन १६९४२ या मानकात पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन आणि वायुरूप इंधनाला तिरका चौकोन अशी चिन्हे आहेत. ज्याला वाचता येत नाही किंवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यालाही आकार कळतो, म्हणून तीच पद्धत नोझल, डिस्पेन्सर आणि पडदा या तिन्ही ठिकाणी एकसारखी वापरायचे ठरले.

१५ जुलै

मापाची तपासणी. २० लिटरचे प्रमाणित मापपात्र आधी इंधनाने ओले करून घेतले, रिकामे केल्यावर ३० सेकंद निथळू दिले आणि मगच मोजणी सुरू केली. कोरड्या भांड्याच्या भिंतींना चिकटणारे इंधन नाहीतर मीटरच्या माथी बसते. ओआयएमएल या वैध मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आर ११७ या शिफारशीप्रमाणे इंधन डिस्पेन्सरला अर्ध्या टक्क्याची चूक चालते, म्हणजे २० लिटरला १०० मिलिलिटर. पूर्ण प्रवाहात आणि मंद प्रवाहात, दोन्ही वेळा सर्व नोझल या मर्यादेच्या बऱ्याच आत राहिली.

ठरावीक रकमेचे इंधन मागितल्यावर मात्र एका डिस्पेन्सरवर आकडा किंचित पुढे जात होता. मुख्य झडप शेवटचे अर्धा लिटर उरले असता मिटून बारीक झडपेवर यायला हवी; तिची हालचाल मंदावली होती. झडप बदलली. पल्सरच्या, म्हणजे मीटर फिरताना विद्युत स्पंद पाठवणाऱ्या भागाच्या, दोन वाहिन्या एकमेकींपासून ९० अंशांच्या फरकाने येतात, त्यामुळे प्रवाहाची दिशा कळते आणि एखादी वाहिनी गळाली, तर तेही कळते. त्यातली एक मुद्दाम तोडून पाहिली आणि डिस्पेन्सर तत्काळ थांबला. कर्मचारी असताना मापाविषयी शंका आली, तर ग्राहक त्याला विचारू शकत होता. यापुढे विचारायला कोणी नाही, तेव्हा मापाबद्दलचा विश्वास यंत्रानेच कमवायला हवा.

२२ जुलै

टाकीतील मापक जोडले. कांडीवर दोन तरंगक आहेत: वरचा इंधनाची पातळी सांगतो, खालचा तळाशी साठलेल्या पाण्याची. पाणी ठरवलेल्या उंचीवर गेले, की त्या टाकीवरची विक्री आपोआप थांबेल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ही खबरदारी अधिकच हवी, कारण पाणी वाढले तर इथेनॉल त्याच्याबरोबर खाली उतरून वेगळा थर करते आणि तो थर थेट ग्राहकाच्या गाडीत जातो.

साठ्याच्या हिशेबात तापमान धरले आहे. पेट्रोल एका अंशाने तापले, की त्याचे घनफळ साधारण हजारात एक भाग वाढते. १०,००० लिटरला सुमारे १० लिटर. हे न धरता टाकीची पातळी आणि विक्री यांचा ताळा केला, तर रोज खोटी गळती किंवा खोटी वाढ दिसते, लोक त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि खरी गळती त्यातच दडून जाते.

२९ जुलै

आपत्कालीन थांब्याची चाचणी. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ३०ए या मानकाप्रमाणे ही बटणे डिस्पेन्सरपासून सुमारे ६ ते ३० मीटरच्या दरम्यान हवीत: आग लागली, तर बटणापर्यंत जाता यावे आणि ते शोधत फार पळावेही लागू नये. बटण दाबताच पंपांचा, डिस्पेन्सरचा आणि पैसे भरण्याच्या खांबाचा पुरवठा तुटतो. आवारातले दिवे, कॅमेरे आणि मदतीचा ध्वनिसंच चालू राहतात. हा सारा मार्ग तारा आणि रिले (विजेवर चालणारे खटके) यांचा आहे. त्यात संगणक नाही, आज्ञावली नाही, इंटरनेट नाही. कंट्रोलर बंद करून, मग त्याची केबल काढून, मग तो मुद्दाम गोठवून अशा सर्व स्थितींत बटण दाबून पाहिले. प्रत्येक वेळी पुरवठा तुटला.

बटण परत पूर्वस्थितीत आणण्याचा अधिकार दूरच्या देखरेख कक्षाला द्यावा, अशी सूचना आली होती. ती नाकारली. सांडलेले इंधन कॅमेऱ्यात दिसतेच असे नाही आणि बाष्प तर दिसतच नाही. जागेवर जाऊन, पाहून, प्रशिक्षित माणसानेच किल्लीने ते परत सुरू करावे.

नोझल गाडीत अडकलेले असताना गाडी निघाली, तर नळीतला तुटजोड सुटून दोन्ही टोके मिटतात, आणि गाडी डिस्पेन्सरवरच आदळली, तर बुंध्याशी असलेली सुरक्षा झडप मोडून बंद होते. आग लागल्यास तिची वितळणारी कडी तेच काम करते. या दोन्ही वस्तू पूर्वीपासून होत्या. तपासून तारीख टाकली.

४ ऑगस्ट

पूर्वी कधीच स्वतः इंधन न भरलेल्या माणसांना बोलावून सराव घेतला. आम्ही काही न सांगता बाजूला उभे राहिलो. बहुतेक जण नोझल उचलायच्या आधी नव्हे, तर ठेवल्यानंतर अडखळले: व्यवहार संपला की नाही, कार्डातून किती गेले, आता निघायचे का? पडद्यावरची शेवटची सूचना त्यामुळे पुन्हा लिहिली. चाकाच्या खुर्चीवरच्या एका बाईंना नोझल पोचले, पण खांबाचा पडदा फार उंच होता. खांबाची उंची कमी केली जाईल, आणि मदतीचे बटण त्याहूनही खाली येईल.

केंद्रावर आज काम करणाऱ्यांशीही बोलणे झाले. दिवसाचा मदतनीस त्यांच्यातूनच घ्यावा, असे मी लेखी सुचवले आहे. ३ जूनच्या नोंदीतले निर्णय ज्यांनी वर्षानुवर्षे घेतले, त्यांच्याइतके ते दुसऱ्या कोणाला कळणार नाहीत.

११ ऑगस्ट

देखरेख कक्षाचे अधिकार लिहून काढले. तेथील माणूस एखादा पंप किंवा सगळे केंद्र केव्हाही थांबवू शकेल, ग्राहकाशी बोलू शकेल आणि परवानगी नाकारू शकेल. आपत्कालीन थांब्यानंतर पुरवठा सुरू करणे, व्यवहाराची लिटरमर्यादा वाढवणे किंवा एखादा इशारा कायमचा गप्प करणे त्याला शक्य नसेल. एका माणसाने एकाच वेळी किती केंद्रे पाहायची, हा प्रश्न खर्चाचा म्हणून चर्चेला आला. माझ्या मते तो सुरक्षेचा आहे आणि तसाच तो नोंदवावा.

१९ ऑगस्ट

रात्रीच्या सेवेला तपासणीनंतर मर्यादित मान्यता मिळाली. आवाराच्या दर्शनी बाजूचे दोनच डिस्पेन्सर चालू राहतील, व्यवहार फक्त कार्डाने होईल, आणि प्रत्येक भरण्याला लिटरची व वेळेची कमाल मर्यादा असेल. डब्यात इंधन भरण्याची सोय रात्री असणार नाही, कारण डबा वाहनात न ठेवता जमिनीवर ठेवूनच भरावा लागतो आणि तसे झाले की नाही हे पाहायला तेथे कोणी नसेल.

अवजड वाहनांच्या जलद प्रवाहाच्या डिझेल नोझलचे काम शिल्लक आहे. साध्या नोझलचा प्रवाह मिनिटाला ४० लिटरच्या आसपास असतो. जलद नोझलचा त्याच्या दुप्पट किंवा अधिक, म्हणजे तेवढ्याच विलंबात दुप्पट इंधन जमिनीवर. त्यांचा थांबण्याचा अवधी स्वतंत्रपणे मोजला जाईल. तोवर ती नोझल संध्याकाळी मदतनीस जाताना कुलूपबंद करील आणि किल्ली सोबत घेऊन जाईल.